गावच्या इंटरनेटसाठी आपण सगळे दरमहा पैसे भरतो. ते पैसे तार टाकायला जातात की तार चालू ठेवायला?

माळरान

मोबाईल कंपन्या आपल्या समायोजित एकूण महसुलाच्या ८ टक्के रक्कम परवाना शुल्क म्हणून सरकारला देतात. या ८ पैकी ५ टक्के एकाच कामासाठी असतात. जिथे धंदा परवडत नाही म्हणून कुणी टॉवर उभारत नाही, तार ओढत नाही, तिथे सेवा पोचवायची. १ एप्रिल २००२ पासून हे चालू आहे. २००३ च्या कायदादुरुस्तीने या निधीला वैधानिक दर्जा दिला आणि २००६ च्या दुरुस्तीने मोबाईल आणि ब्रॉडबँडही त्यात आणले. नाव होतं सार्वत्रिक सेवा दायित्व निधी. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने ते डिजिटल भारत निधी झालं.

१९९ रुपयांचं रिचार्ज घ्या. जीएसटी बाजूला काढला की १६९ च्या आसपास उरतात. त्याचे ५ टक्के म्हणजे साधारण आठ रुपये. कंपनी भरते म्हणायचं, पण पैसा शेवटी गिऱ्हाइकाचाच. बटणाचा फोन वापरणारी, इंटरनेट कधी उघडलं नाही अशी आजीसुद्धा हा वाटा देते.

मी ग्रामपंचायतींच्या हिशेबतपासणीच्या कामात आहे. त्यामुळे कुठल्याही योजनेत मी आधी बघतो की बिल कशावर निघतं. त्याच नजरेने, याच निधीतून ग्रामपंचायतींपर्यंत फायबरची तार नेणाऱ्या भारतनेट योजनेकडे बघू.

ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर नेटवर्क मंजूर केलं. अंदाजे खर्च २० हजार कोटी, उद्दिष्ट अडीच लाख ग्रामपंचायती. २०१५ मध्ये त्याचं भारतनेट झालं. डिसेंबर २०१७ मध्ये पहिला टप्पा संपला, तेव्हा एक लाख पंचायती झाल्या होत्या. दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्रासह काही राज्यांनी काम स्वतःकडे घेतलं, आपल्याकडचं ते महानेट. आज देशात २ लाख १४ हजारांहून जास्त ग्रामपंचायती 'सेवेस सज्ज' आहेत असं सरकार सांगतं. एवढं अंतर खणून तार नेणं हे मोठं काम आहे आणि ते झालं आहे.

आता दुसरा आकडा बघा. या जाळ्यावरून घरोघरी दिलेल्या फायबर जोडण्या साधारण १२-१३ लाख आहेत. भागाकार केला तर एका पंचायतीमागे सहा घरं. आमच्याकडच्या पंचायतीत तीन-चार वाड्या आणि चारशे-पाचशे उंबरे असतात.

म्हणजे पैसा पंचायतीच्या दारापर्यंत येऊन थांबला. कार्यालयातली इंटरनेटची पेटी चालू आहे का, तिला वीज आहे का, तार तुटली तर कोण जोडणार, वाडीवर कोण नेणार, याला बराच काळ पुरेसा पैसाही नव्हता आणि मालकही नव्हता. किलोमीटरवर बिल निघालं की किलोमीटर वाढतात. माझं म्हणणं एवढंच आहे की या निधीचा प्रत्येक रुपया चालू सेवेवर मिळाला पाहिजे, आणि सेवा चालू आहे की नाही हे सांगण्याचा अधिकार गावाला पाहिजे.

तुमच्या गावात काय आहे ते लिहा.

कळफलक

मी ग्रामपंचायतीत संगणक परिचालक आहे. पेटी आमच्या कार्यालयात आहे, भिंतीवर. सोलरची बॅटरी गेली ती नवीन आली नाही. रस्त्याच्या कामात जेसीबीने तार तोडली की महिनोन् महिने कुणी फिरकत नाही. फोन केला की रस्त्याच्या ठेकेदाराकडे बोट, त्याच्याकडे गेलं की तो म्हणतो इथे तार आहे असं कुणी सांगितलंच नव्हतं.

सगळे दाखले ऑनलाईन, जन्म-मृत्यू नोंद ऑनलाईन, घरपट्टीची नोंद ऑनलाईन. मी माझ्या मोबाईलच्या हॉटस्पॉटवर काम करते, डेटा माझ्या खिशातून. बाहेर लोक उभे असतात आणि त्यांना वाटतं मॅडम टाळाटाळ करतात. गावात कुणाशी वाईटपणा नको म्हणून घरून लवकर येऊन, रेंज बरी असते तेव्हा अर्ज चढवून ठेवते.

माळरान सर, तुम्ही बिलाचं म्हणालात म्हणून विचारते. पेटीचं लाईटबिल कुणी भरायचं हे कुठे लिहिलेलं आहे का? आमच्याकडे दर वर्षी त्यावरून वाद होतो.

सह्यवारा

धागा चांगला आहे, पण एक बाजू राहिली. गावात इंटरनेट आणलं ते बाजाराने, निधीने नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये फोर-जीची स्वस्त सेवा आली आणि दोन वर्षांत चित्र पालटलं. २०१४ मध्ये एका जीबीला अडीचशेच्या वर मोजावे लागायचे, आता दहा रुपयांच्या आसपास. भारतनेटची तार पंचायतीत पोचेपर्यंत गावातली पोरं मोबाईलवर क्रिकेट बघत होती. मग हा ५ टक्क्यांचा बोजा कमी करा, रिचार्ज स्वस्त होईल, आपोआप लोक जोडले जातील.

इंद्रावती

सह्यवारा, एकदा गडचिरोलीतल्या भामरागडला या. पर्लकोटा नदीला पूर आला की तालुक्याच्या गावाचा संपर्क तुटतो, दर पावसाळ्यात. अशा वेळी बाळंतीण बाई असली, साप चावला, तर पहिली गरज फोनची. तुमचा बाजार आमच्याकडे आला नाही, कारण त्याला यायचं कारण नाही. दोन डोंगरांमध्ये पन्नास घरं, त्यातल्या निम्म्यांकडे साधे फोन. कोणती कंपनी तिथे टॉवर लावेल?

आमच्या जिल्ह्यात टॉवर आले ते याच निधीतून. नक्षलग्रस्त भागासाठीची योजना आली, त्यात टू-जी आलं. पुढे ४४ आकांक्षित जिल्ह्यांमधल्या ७,२८७ गावांसाठी नोव्हेंबर २०२१ मध्ये ६,४६६ कोटी मंजूर झाले, पाच राज्यांत महाराष्ट्रही आहे. जुलै २०२२ मध्ये देशभरातल्या २४,६८० संपर्कहीन गावांना फोर-जी देण्यासाठी २६,३१६ कोटी. हे आकडे मला पाठ आहेत, कारण आम्ही वाट बघत होतो.

तरी माळरान म्हणतात ते आमच्याकडेही खरं आहे. टॉवर उभा असतो, फोनवर दांड्या दिसतात, पण टॉवरला बाकीच्या जाळ्याशी जोडणारी मागची जोडणी उपग्रहावरून असली तर एवढी बारीक की चार जणांनी एकदम फोन लावला तर पाचव्याचा लागत नाही. ढग आले, सोलर उतरलं की संध्याकाळी टॉवर मुका. नकाशावर मात्र गाव 'जोडलेलं'. नकाशावर एकदा नाव आलं की पुन्हा मागणी करता येत नाही, हे सगळ्यात वाईट.

माळरान

@सह्यवारा, बाजाराने केलं ते मोठं आहे आणि मी ते मान्य करतो. पण जून २०२१ ची गोष्ट बघा. १६ राज्यांत खाजगी भागीदारीतून भारतनेट करायचं ठरलं, व्यवहार्यतेतली तूट भरून द्यायला सरकारने १९,०४१ कोटींची तयारी दाखवली. निविदांना प्रतिसादच आला नाही. एवढं अनुदान देऊनही जिथे कुणी यायला तयार नाही, तिथे ५ टक्के माफ केल्याने कोण जाईल?

आणि स्वस्ताईबद्दल. जीबी स्वस्त झाला, पण फोन चालू ठेवायची किमान किंमत वाढली. जुलै २०२४ मध्ये तिन्ही मोठ्या खाजगी कंपन्यांनी दर वाढवले. ज्या बाईला महिन्यात दोन फोन करायचे आणि मुलाचा फोन घ्यायचा आहे, तिला रोजचा दीड जीबी काय करायचा? शेवटी डिसेंबर २०२४ मध्ये दूरसंचार नियामक ट्रायला नियम करावा लागला की फक्त बोलणं आणि एसएमएससाठी वेगळं रिचार्ज ठेवा.

@कळफलक ताई, तुमच्यासारखं स्वतःच्या डेटावर पंचायत चालवणारे मला हर तालुक्यात भेटतात. लाईटबिल पंचायतीला वित्त आयोगाच्या अबंधित निधीतून किंवा स्वनिधीतून देता येतं, मी तसे खर्च मान्य केलेले आहेत. पण मासिक सभेत ठराव हवा, आणि पेटीला वेगळा सबमीटर असला तर वाद मिटतो.

जुना तारवाला

दूरसंचार खात्यात आयुष्य गेलं. थोडं मागचं सांगतो, कारण आजचा प्रश्न नवीन नाही.

ऐंशीच्या दशकात गावात फोन म्हणजे तालुक्याला ट्रंक कॉल लावून बसायचं. परदेशी एक्स्चेंजना वातानुकूलित खोली लागायची, ती खेड्यात कुठून आणणार? १९८४ मध्ये सरकारी पैशाने सी-डॉट हे दूरसंचार संशोधन केंद्र उभं राहिलं आणि सॅम पित्रोदांच्या पुढाकाराने तिथल्या तरुण इंजिनिअरांनी १२८ लाईनचं ग्रामीण एक्स्चेंज बनवलं. धूळ, उकाडा, विजेचा लपंडाव सगळं सोसणारं, एसीशिवाय चालणारं. १९८६ मध्ये कर्नाटकात कित्तूरला पहिलं बसलं. मग महाराष्ट्रातही शेकडो गावांत शाळेच्या खोलीत, पंचायतीच्या पडवीत ही एक्स्चेंज आम्ही बसवली. सार्वजनिक पैसा नीट वापरला की काय होतं, त्याचं हे उदाहरण मी तरुण मंडळींना नेहमी देतो.

पुढे प्रत्येक गावात एक सार्वजनिक फोन द्यायचं ठरलं. रेडिओवरचे फोन बसवले. उद्दिष्टं पूर्ण झाली, आणि वर्षभरात कितीतरी फोन बंद पडले. बॅटरी, वीज, अँटेना, सुटे भाग. बसवायला पथक असायचं, दुरुस्तीला एक लाईनमन आणि त्याची सायकल.

म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगतो. २००२ नंतर हा निधी सुरू झाला तेव्हा त्याच्या अगदी पहिल्या कामांत गावच्या सार्वजनिक फोनांची देखभाल होती. नवीन काही उभारण्याआधी, आहे ते चालू ठेवायला पैसा. त्या वेळी शहाणपण होतं. नंतर फायबर आलं, रकमा मोठ्या झाल्या, आणि सगळ्यांचं लक्ष खोदाईकडे गेलं.

तार जमिनीत टाकणाऱ्याला पैसे मिळाले की तो पुढच्या तालुक्यात जातो. तार राखणारा माणूस तालुक्यातच राहिला पाहिजे आणि त्याचा पगार तारेवर अवलंबून पाहिजे.

काजूबाग

तारवाला काका, अगदी हेच आमच्याकडे दिसतं. सिंधुदुर्गातलं गाव, घरं लांब लांब, मध्ये काजूच्या बागा. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा मुलं रेंज शोधत सड्यावर जाऊन बसायची, पावसात प्लास्टिकचा कागद बांधून.

आता आमच्याकडे इंटरनेट आहे, ते गावातल्या केबलवाल्याचं. त्याने विजेच्या खांबांवरून, झाडांवरून वायर आणली. वादळात फांदी पडून तुटते, आणि संध्याकाळच्या आत तो पोऱ्याला घेऊन शिडी लावून जोडतो. का? कारण एक तारखेला तो दारोदारी पैसे मागायला येणार, आणि नेट बंद असेल तर आम्ही देणार नाही. त्याच रस्त्याच्या कडेने सरकारी फायबर जमिनीतून गेलेलं आहे, त्याच्या तारेपेक्षा किती तरी चांगलं. पण त्यावरून आमच्या वाडीला जोडणी नाही.

या दोघांची गाठ घालून द्या ना! सरकारी तार त्याला रास्त दरात वापरू द्या, वाडीपर्यंत तो नेईल. महिन्याला चारशे-पाचशे आम्ही देतोच आहोत. ज्यांना परवडत नाही त्यांचा काही भाग निधीतून द्या.

प्रेअरीवरून

मी सध्या अमेरिकेत नॉर्थ डकोटात आहे, मूळची श्रीरामपूरची. शेवटचं वाक्य वाचून लिहावंसं वाटलं.

इथेही आपल्यासारखाच सार्वत्रिक सेवा निधी आहे, १९९६ च्या कायद्याने आलेला, फोनबिलातून गोळा होणारा. त्याच्या वैधतेला आव्हान दिलं गेलं होतं, जून २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निधी कायम ठेवला. पण गरीब घरांचं बिल भरायला मदत करणारी ३० डॉलर महिन्याची योजना या निधीतून नव्हती, तिला संसदेने एकदाच पैसे दिले होते. २ कोटी ३० लाख कुटुंबं त्यात होती. पैसे संपले आणि १ जून २०२४ ला ती बंद झाली. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्या जोडप्याने त्यानंतर इंटरनेट काढून टाकलं. तेव्हा काजूबागताईंची सूचना करायची असेल तर ती मुख्य निधीतच बसवा, एकरकमी मंजुरीवर ठेवू नका.

दुसरं, या राज्यात मैलोन् मैल वस्ती नाही, तरी शेतावरच्या घरांत उत्तम फायबर आहे. कारण तार सहकारी संस्थांची आहे. १९४९ पासून सरकारने टेलिफोन सहकारी संस्थांना कमी व्याजाची कर्जं दिली. गिऱ्हाईकच सभासद, वार्षिक सभेत व्यवस्थापकाला उभं करून विचारतात की आमची लाईन का गेली. सहकार आपल्या नगर जिल्ह्याला नवीन आहे का? मग इंटरनेटची सहकारी संस्था का नाही?

जुना तारवाला

श्रीरामपूरच्या आहात म्हणून विचारतो, मुळा-प्रवरा आठवते ना? वीज वाटणारी सहकारी संस्था, देशातल्या पहिल्या पाच ग्रामीण वीज सहकारी संस्थांपैकी एक, तीही अमेरिकेतल्या याच नमुन्यावर. त्या काळात तिने त्या भागात वाड्यावस्त्यांवर वीज नेली. पण पुढे थकबाकी डोंगराएवढी झाली आणि २०११ मध्ये परवाना गेला. सहकार हवाच, पण वसुलीचं तोंड कोण बघणार, हेही पहिल्याच सभेत ठरवायला हवं.

प्रेअरीवरून

आठवते काका. आमच्या घरी त्यांचंच बिल यायचं. थकबाकीचं तुमचं म्हणणं मान्य आहे. पण इंटरनेट आगाऊ पैसे भरून चालतं, शेतीपंपाच्या विजेसारखं वर्षानुवर्षं उधारीवर चालत नाही. त्यामुळे तो धोका बराच कमी आहे असं मला वाटतं.

सह्यवारा

इंद्रावती, तुमचा प्रतिसाद वाचला. जिथे बाजार जाणारच नाही तिथे निधी हवा, हे पटलं. बाकी ठिकाणी मात्र माझं मत कायम आहे.

एक माहिती धाग्यात यायला हवी. ऑगस्ट २०२३ मध्ये सुधारित भारतनेटला मंजुरी मिळाली, १ लाख ३९ हजार ५७९ कोटी. त्यात तालुका ते पंचायत तार वर्तुळाकार फिरवणार, म्हणजे एका बाजूने तुटली तरी दुसऱ्या बाजूने चालू राहील. दहा वर्षांची देखभाल कंत्राटातच आहे. दीड कोटी ग्रामीण घरांना जोडण्या देण्याचं उद्दिष्ट आहे, आणि त्यासाठी गावातल्याच उद्योजकाला उत्पन्नात वाटा आहे. म्हणजे काजूबागताईंचा केबलवाला यात येऊ शकतो. माळरान, तुम्ही मागता ते बरंचसं कागदावर आलेलं आहे.

माळरान

हो, आलेलं आहे, आणि म्हणूनच हा धागा आत्ता काढला. आधीच्या दोन टप्प्यांत राहिलेल्या गोष्टी या वेळी कंत्राटात आहेत. पण देखभालीचे पैसे देताना 'सेवा चालू होती' असा दाखला कोण देणार? कंत्राटदाराचं यंत्र आणि प्रकल्प व्यवस्थापन संस्था यांच्यातच तो हिशेब मिटला, तर कळफलक ताईंच्या भिंतीवरची पेटी बंद असूनही बिल निघेल. रोजगार हमीच्या मजुरांची हजेरी जानेवारी २०२३ पासून ॲपवर सक्तीची झाली. पोषणाची नोंद ॲपवर, पीक पाहणी ॲपवर, रेशनला अंगठा यंत्रावर. नेट नाही म्हणून मजुराची हजेरी लागली नाही तर त्याचा दिवस बुडतो. मग नेट देणाऱ्याची हजेरी गावाने का घेऊ नये?

माझी मागणी साधी आहे. दर महिन्याला प्रत्येक पंचायतीतली जोडणी किती तास चालू होती, हा आकडा पंचायतीच्या फलकावर लागावा. देखभालीचं देयक मंजूर करताना पंचायतीचा शेरा सोबत असावा. निधी आपल्या सगळ्यांच्या रिचार्जमधून येतो, तेव्हा ही माहिती मागणं हा आपला हक्क आहे. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ प्रमाणे ती न मागताच प्रसिद्ध व्हायला हवी.

आणखी एक, जे फार थोड्या सरपंचांना माहीत आहे. या सुधारित योजनेत पंचायतीचं मुख्यालय नसलेली सुमारे ३ लाख ८० हजार गावंही घेतलेली आहेत, पण मागणी आली तर. मागणी केली नाही तर तुमचं गाव यादीत असूनही राहून जाईल.

इंद्रावती

ही मागणीची गोष्ट आमच्याकडे कुणीच सांगितली नाही. मागणी कुणाकडे करायची? आणि टॉवर असून बंद असणाऱ्या गावांचं काय, ती 'जोडलेली' धरली आहेत.

माळरान

ग्रामसभेचा ठराव करून गटविकास अधिकाऱ्यांना द्या, प्रत बीएसएनएलच्या जिल्हा कार्यालयाला आणि जिल्हाधिकाऱ्यांना. तिन्ही ठिकाणी पोच घ्या. ठरावात नुसतं 'इंटरनेट मिळावं' लिहू नका. वाडीचं नाव, घरं किती, शाळा-अंगणवाडी-उपकेंद्र आहे का, सगळ्यात जवळची चालू जोडणी किती लांब, आणि किती कुटुंबं महिन्याचं बिल भरायला तयार आहेत, हे लिहा. शेवटचा मुद्दा महत्त्वाचा, कारण उद्योजक तोच बघतो.

बंद टॉवरसाठी वेगळा ठराव करा. महिनाभर रोज सकाळी आणि संध्याकाळी रेंज आहे की नाही याची वही ठेवा, आशाताई किंवा शिक्षकांनी सही करायची. ती वही जोडली की 'जोडलेलं गाव' या शेऱ्याला उत्तर तयार होतं.

कळफलक

सर, आमच्याकडे १५ ऑगस्टच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत हा विषय घेतला आहे. सरपंचबाईंनी लगेच हो म्हटलं, त्यांची स्वतःची वाडी रेंजबाहेर आहे. सबमीटरचाही ठराव त्याच दिवशी करून घेतो. मसुदा तयार झाला की इथे टाकते, कुणाला कायद्याची भाषा नीट करता आली तर मदत करा.

काजूबाग

टाका ताई. आमच्या केबलवाल्यालाही हा धागा दाखवला. उत्पन्नात वाटा किती, ठेव किती भरायची आणि तार तुटली तर दुरुस्तीचा खर्च कुणाचा, असे त्याचे प्रश्न आहेत. सह्यवारा, तुम्हाला त्या अटी वाचायला मिळाल्या असतील तर त्याच्यासाठी मराठीत लिहाल का?

सह्यवारा

लिहितो. शनिवार-रविवारी बसून वेगळा प्रतिसाद टाकतो.